परदेशी सेवेचा अर्ज : मंडळीसाठी एक पाठ

वाचनाचा भाग : प्रेषितांची कृत्ये १३:१–४ व १६:१–१०, लूक १४:२८–३०



खेड्यांतील आमच्या मंडळ्यांत कधी कधी एखादा तरुण अथवा एखादी तरुणी पाळकाकडे येते आणि म्हणते की, परमुलखात जाऊन काही वर्षे लोकांची सेवा करावी असे माझ्या मनात आहे. तर अर्ज कसा करावा ते मला सांगा. हे ऐकून काही वडील माणसे हसतात, काही भितात, आणि काही लागलीच शिफारसपत्र लिहून देऊन मोकळी होतात. या तिन्ही रीती बऱ्या नव्हेत. जो आपले आयुष्य पुढे करतो त्यास हसणे निर्दयपणाचे आहे, त्यास भिवविणे अविश्वासाचे आहे, आणि न पारखता त्यास पाठवून देणे आळसाचे आहे. यास्तव असा अर्ज म्हणजे काय, तो करणाऱ्याने कोणती तयारी करावी, आणि तो हाती आल्यावर मंडळीने काय करावे, याविषयी या पाठात आम्ही विचार करू.

प्रथम अर्ज या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपण तलाठ्याच्या कचेरीत अर्ज करतो तो आपणांस काही मिळावे म्हणून करतो : शेताचा उतारा, विहिरीसाठी कर्ज, मुलास शिष्यवृत्ती. न मिळाल्यास आपला हक्क बुडाला असे आपणांस वाटते. सेवेचा अर्ज या जातीचा नाही. यात अर्जदार स्वतःस देऊ करतो, आणि जे देऊ केले ते घ्यावे किंवा कसे, केव्हा घ्यावे, कोठे लावावे, हे ठरविण्याचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवतो. ज्याला ‘हो’ एवढे एकच उत्तर चालते त्याने अर्ज केलाच नाही, हुकूम केला. ही एक गोष्ट ज्याच्या ध्यानात आली त्याला पुढील सर्व पाठ सोपा जाईल.

एका जुन्या अर्जाची हकीकत

मराठी मुलखात आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांची नावे आमच्या जुन्या मंडळ्यांस ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या येण्यामागे जो अर्ज होता त्याची हकीकत थोड्यांनीच ऐकली असेल. ती अशी.

सन १८०६ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात विल्यम्स कॉलेजाचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी शेतात जमले होते. इतक्यात विजांसह पाऊस आला, तेव्हा ते गवताच्या गंजीच्या आडोशास बसले. तेथे त्यांनी आशिया खंडातील लोकांस शुभवर्तमान कळविण्याविषयी संभाषण व प्रार्थना केली. त्यांत सॅम्युएल मिल्स हे पुढारी होते. पुढे १८०८ साली त्यांनी या हेतूने एक लहानसे मंडळ स्थापिले आणि ते गुप्त ठेविले. कारण त्या काळी त्या देशातून परदेशी मिशनरी पाठविणारी एकही संस्था नव्हती, आणि अशा विचारास लोक वेड म्हणतील हे त्यांस कळत होते. यांतील काही जण अँडोव्हर येथील सेमिनरीत आले, आणि तेथे त्यांस त्याच विचाराचे आणखी सोबती मिळाले.

सन १८१० च्या जून महिन्यात ब्रॅडफर्ड गावी त्या प्रांतातील पाळकांची सभा भरली असता, या विद्यार्थ्यांनी आपला अर्ज तिच्यापुढे ठेविला. त्यावर चार नावे होती : अडोनायरम जडसन, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल मिल्स व सॅम्युएल न्यूएल. चौघेही तिशीच्या आतले. जडसन तर अवघे एकवीस वर्षांचे होते. मुळात त्या कागदावर सहा नावे होती. परंतु इतकी माणसे एकदम पाहून सभा खर्चाला भिईल, असे वाटून शेवटची दोन नावे खोडून टाकण्यात आली. ती लूथर राईस व जेम्स रिचर्ड्स यांची होती. ही दोन खोडलेली नावे वाचकांनी ध्यानात ठेवावी. त्यांच्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

त्या अर्जात आपल्या गुणांचे वर्णन नव्हते. बहुत दिवसांपासून हे काम आपल्या मनावर आहे असे सांगून त्यांनी वडीलजनांस चार प्रश्न विचारिले, आणि आपण तरुण व अननुभवी आहो हे कबूल करून त्यांचा सल्ला व त्यांची प्रार्थना मागितली. हे चार प्रश्न आजही प्रत्येक अर्जदाराने विचारावे असे आहेत; म्हणून ते एकेक घेऊ.

पहिला प्रश्न : हा विचार आम्ही सोडून द्यावा काय?

आश्चर्य हे की त्यांनी आरंभीच असे विचारिले. आमचा हेतू केवळ स्वप्न असेल किंवा होण्याजोगा नसेल, तर तसे आम्हांस सांगा, असे ते म्हणाले. ज्याच्या ठायी खरे पाचारण असते तो परीक्षेस भीत नाही.

हा विचार पारखण्याच्या तीन कसोट्या आहेत. पहिली काळाची. मृगाच्या पहिल्या सरीने बांधावर गवत उगवते, पण श्रावणाची उघडीप सोसून जे उभे राहते तेच पीक. त्या विद्यार्थ्यांचा विचार चार वर्षे टिकला होता. ज्याच्या मनात हा विचार मागल्या रविवारच्या उपदेशाने आला, त्याने निदान एक वर्ष तो प्रार्थनेत धरून ठेवावा.

दुसरी कसोटी हेतूची. घरात भावांचे पटत नाही, सावकाराचा तगादा आहे, लग्न जमत नाही, अथवा विमानात बसावे अशी हौस आहे, म्हणून मनुष्य परदेशाची वाट धरू पाहतो. यांतील कोणतीही गोष्ट पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पोटासाठी परदेशी जाऊन प्रामाणिक नोकरी करणे हेही योग्यच आहे. पण ज्याला नोकरी हवी त्याने नोकरीचा अर्ज करावा. सेवेच्या नावाखाली नोकरी शोधू नये.

तिसरी कसोटी घरच्या कामाची. पौलाने तीमथ्याला बरोबर घेतले, त्यापूर्वी लुस्त्र व इकुन्य येथील बंधू त्याच्याविषयी चांगली साक्ष देत होते. म्हणजे परमुलखात जाण्यापूर्वी त्याचे नाव दोन गावांत चांगले होते. जो तरुण आपल्या वस्तीतील आजाऱ्याला दवाखान्यात नेत नाही, रविवारच्या शाळेची पाळी चुकवितो, ज्याला शेजारच्या दुसऱ्या जातीच्या घरी पाणी पिण्यास संकोच वाटतो, तो समुद्र ओलांडल्याने पालटेल असे समजू नये. समुद्र ओलांडल्याने मनुष्याचे ठिकाण बदलते, स्वभाव बदलत नाही.

येथे कोणी म्हणेल, घरीच इतके काम पडले असता बाहेर कशाला जावे? हा आक्षेप जुना आहे. सन १८१२ मध्ये अमेरिकन बोर्डास कायद्याची सनद मिळावी म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात विषय निघाला, तेव्हा एका सभासदाने हाच आक्षेप घेतला की, आपल्या देशातच धर्म पुरेसा नाही, मग तो बाहेर का पाठवावा? दुसऱ्याने उत्तर दिले की, हा माल जितका बाहेर धाडावा तितका घरी वाढतो. अंत्युखियाच्या मंडळीनेही बर्णबा व शौल हे आपले उत्तम शिक्षकच पाठविले. जे घरी उपयोगी नव्हते असे नाही.

दुसरा प्रश्न : आम्ही कोठे जावे?

पूर्वेकडे जावे की पश्चिमेकडे, हेही त्या चौघांनी सभेवर सोपविले. पुढे त्यांचे काय झाले ते पाहिले म्हणजे असे सोपविणे किती शहाणपणाचे होते हे कळते. सन १८१२ मध्ये सहा फेब्रुवारीस सेलम गावी पाच जणांस दीक्षा देण्यात आली : जडसन, नॉट, न्यूएल, राईस आणि गॉर्डन हॉल. त्याच महिन्यात ते दोन जहाजांनी निघून कलकत्त्यास आले. तेथे ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांस देश सोडून जाण्याचा हुकूम केला. हॉल व नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. तेथेही त्यांस इंग्लंडास धाडण्याची आज्ञा झाली. गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांस त्यांनी आदराने पण निर्भयपणे पत्रे लिहिली, आणि पुष्कळ खटपटीनंतर त्यांस राहण्याची मोकळीक मिळाली. न्यूएल यांस मॉरिशस व सिलोन असा फेरा घालून १८१४ मध्ये मुंबईस यावे लागले. जडसन रंगूनला गेले. ज्याने ‘अमुकच गाव’ असा हट्ट धरला असता, तो पहिल्याच हुकुमासरशी परत गेला असता.

पौलाची गोष्टही अशीच आहे. आशिया प्रांत बंद झाला, बिथुनियाची वाट बंद झाली, आणि त्रोवसास पोहोचल्यावर मासेदोनियाचे बोलावणे आले. दोन दारे लागली म्हणून तो घरी परतला नाही, आणि लागलेली दारे फोडण्याचाही त्याने यत्न केला नाही.

आजच्या अर्जाच्या कागदावर कोणत्या देशास जाण्याची इच्छा आहे असा रकाना बहुधा असतो. तो भरताना चित्रांतील डोंगर व समुद्र पाहून भरू नये. आपल्या हातांस जे काम येते त्याची गरज कोठे आहे हे विचारावे. दाईचे काम जाणणारी परिचारिका, लहान मुलांस अक्षरे शिकविणारा शिक्षक, पाण्याचा पंप दुरुस्त करणारा कारागीर, शेळ्यांची निगा जाणणारा शेतकरी, यांची गरज ज्या देशांत आहे त्यांची नावे कदाचित आपण कधी ऐकलीही नसतील. तेथे पाठविल्यास जाईन, असे म्हणता येत असेल तरच सही करावी.

तिसरा प्रश्न : आम्हांस आधार कोणाचा?

या देशातील एखादी संस्था आमचा भार घेईल, की आम्ही युरोपातील संस्थेच्या हाताखाली जावे, असा त्यांचा तिसरा प्रश्न होता. सभेने त्यांचे म्हणणे मान्य करून अमेरिकन बोर्ड ही मंडळी नेमली. पण तिच्याजवळ पैसा कोठे होता? म्हणून १८११ साली जडसन यांस लंडन मिशनरी सोसायटीकडे विचारण्यास पाठविले. वाटेत फ्रेंचांच्या लढाऊ गलबताने त्यांचे जहाज धरले, आणि त्यांस फ्रान्समध्ये काही काळ कैदेत राहावे लागले. शेवटी लंडनला पोहोचल्यावर त्यांस उत्तर मिळाले ते असे की, माणसे आम्ही घेऊ, पण दोन संस्थांनी मिळून एक कारभार चालविणे होणार नाही. तेव्हा बोर्डाने स्वतःच ओझे उचलण्याचे ठरविले. राईस यांनी ऐन वेळी जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा आपल्या खर्चाचा पैसा तुम्हीच जमवावा अशी अट घालण्यात आली, आणि तो त्यांनी थोड्याच दिवसांत जमविला.

यावरून दोन गोष्टी शिकाव्या. एक ही की, पैशाविषयी उघडपणे विचारणे हे अविश्वासाचे नव्हे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूनेच शिकविले आहे. आजच्या अर्जदाराने पाठविणाऱ्या संस्थेस लेखी विचारावे : जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार? राहण्याची व जेवणाची सोय काय? आजारी पडल्यास विमा आहे काय? मुदत किती? आणि मुदतीपूर्वी परतावे लागल्यास वाटखर्च कोणाचा? स्वयंसेवकास बहुधा निर्वाहापुरता भत्ता मिळतो. तो पगार नव्हे. घरी दरमहा पैसे पाठवावे लागत असतील तर ही गोष्ट प्रथमच सांगावी, आणि भावांशी बोलून दुसरी व्यवस्था होते की नाही ते पाहावे.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. भोळ्या लोकांस फसविणारे दलाल सेवेचेही नाव घेतात. कोणी म्हणेल, इतके हजार रुपये भरा म्हणजे परदेशी सेवेची जागा देतो. त्याचा शब्द मानू नये. संयुक्त राष्ट्रसंघाची स्वयंसेवक योजना १९७० साली मंजूर झाली, तिच्यात भारतीयांसही अर्ज करता येतो, आणि ती अर्जदाराकडून कोणत्याही टप्प्यावर फी घेत नाही. काही संस्था प्रवासाचा किंवा शिक्षणाचा खर्च अर्जदाराकडे ठेवितात हे खरे. पण तसे असल्यास हिशेब लेखी, पावती पक्की, आणि संस्थेचा पत्ता व कारभार ठाऊक असलेला असावा. आपला पासपोर्ट कोणा दलालापाशी गहाण ठेवू नये. तसेच फिरावयास जातो असे सांगून परवाना घ्यावा आणि तेथे काम करावे, हा खोटेपणा आहे. खोट्याच्या पायावर सेवेचे घर उभे राहत नाही. आणखी असे की, ज्या कामासाठी परवाना मिळाला तेच काम करावे. जो सार्वजनिक संस्थेतून शिक्षक म्हणून गेला त्याने शिक्षकाचे काम चोख करावे, त्या संस्थेचे नियम पाळावे, आणि विश्वासाची साक्ष आपल्या वागणुकीने द्यावी.

चौथा प्रश्न : जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

अर्ज मान्य झाल्यावर ते तरुण हात जोडून बसले नाहीत. हॉल व न्यूएल यांनी फिलाडेल्फियास जाऊन वैद्यकीचा अभ्यास केला. त्या अभ्यासाचा उपयोग मराठी मुलखास झाला. सन १८२६ मध्ये नाशिक व त्र्यंबकच्या बाजूस पटकीची साथ चालू असता हॉल यांनी आपल्याजवळची औषधे आजाऱ्यांस वाटली, आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने वीस मार्चला त्यांचा अंत झाला.

तयारीत पहिली गोष्ट घरच्यांची संमती. जडसन यांनी ॲन हॅसेल्टाईन यांस मागणी घातली, तेव्हा त्यांनी तिच्या वडिलांस पत्र लिहिले. त्यात समुद्राचे भय, हवेचा त्रास, दारिद्र्य, अपमान, आणि कदाचित अकाली मरण, यांपैकी काहीच लपविले नाही. आणि इतके सर्व जाणून आपण मुलगी द्याल काय, असे विचारिले. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपविला, व ती समजून उमजून गेली. पुढे जडसन ब्रह्मी राजाच्या कैदेत पडले, तेव्हा तिनेच त्यांस अन्न पोहोचवून जगविले. तिची मैत्रीण हॅरिएट न्यूएल मात्र एकोणीस वर्षांची असता १८१२ सालीच मॉरिशस बेटात मरण पावली. यास्तव आमच्या अर्जदारांनी आईबापांस, व लग्न झाले असल्यास पत्नीस किंवा पतीस, गोड गोड सांगून परवानगी मिळवू नये. सर्व खरे सांगावे, आणि विचार करण्यास त्यांस वेळ द्यावा.

दुसरी गोष्ट शरीराची. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि जुना आजार असल्यास लपवू नये. लपविलेला क्षय किंवा मधुमेह परक्या देशात स्वतःस व सोबत्यांस भारी पडतो. आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील पुष्कळ देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रात निदान दहा दिवस आधी घेऊन तिचा दाखला बरोबर ठेवावा.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. पासपोर्ट, शाळेचे व धंदेशिक्षणाचे दाखले, आणि पोलिसांच्या चौकशीचा दाखला. हा शेवटचा पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. सर्व कागदांवर नाव एकाच रीतीने लिहिलेले असावे. आमच्या लोकांत बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेतील नाव दुसरे, असे पुष्कळदा असते. ते आधीच दुरुस्त करून घ्यावे. जेथे लहान मुलांशी संबंध येतो तेथे वर्तणुकीची विशेष चौकशी होते, आणि मुलांच्या रक्षणाच्या नियमांवर सही घेतात. त्याचा राग मानू नये. मुले देवाची ठेव आहेत.

चौथी गोष्ट भाषेची. जेथे जावयाचे तेथील लोकांची बोली शिकण्याची मनाची तयारी हवी. जडसन यांस रंगूनला पोहोचल्यावर पहिला बाप्तिस्मा देण्यास सहा वर्षे लागली, आणि त्यांतील पुष्कळ काळ भाषा शिकण्यातच गेला.

अर्ज कसा लिहावा

अर्ज थोडक्यात व खरा लिहावा. ‘मला समाजसेवेची फार आवड आहे’ असे लिहिल्याने वाचणाऱ्यास काही कळत नाही. ‘तीन वर्षे आमच्या वस्तीत रात्रीची शाळा चालविली, चौदा मुले होती, त्यांतील नऊ वाचावयास शिकली’ असे लिहिले म्हणजे मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो. जे येते ते लिहावे; जे येत नाही तेही लिहावे. मुलाखतीत ‘तुमचे कोणाशी पटले नाही तेव्हा तुम्ही काय केले?’ असे विचारतात. त्यास ‘माझे सर्वांशी पटते’ असे उत्तर देऊ नये. असा मनुष्य अजून जन्मास आलेला नाही. शिफारस अशा माणसाची घ्यावी ज्याने आपले काम पाहिले आहे, मग तो मोठ्या हुद्द्याचा नसेना का. आणि दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेऊन आपण नुसती सही करू नये. कारण जी भाषा आपली नाही तिच्याविषयी प्रश्न विचारला म्हणजे तोंड बंद होते.

खोडलेल्या नावांचे काय झाले?

आता त्या सहा नावांकडे परत येऊ. मिल्स हे या सर्व विचाराचे मूळ, पण त्यांस हिंदुस्थानात पाठविले गेले नाही. ते मायदेशी राहून झटले. १८१६ साली अमेरिकन बायबल सोसायटी स्थापन झाली तीत त्यांचा मोठा हात होता. सन १८१८ मध्ये आफ्रिकेहून एका कामगिरीवरून परतत असता ते समुद्रातच मरण पावले. नॉट हे मुंबईस आले, पण आजारामुळे १८१५ साली त्यांस परतावे लागले. न्यूएल १८२१ साली मुंबईत पटकीने वारले. जडसन यांनी प्रवासात शास्त्राभ्यास करून बाप्तिस्ट मत स्वीकारिले, बोर्डाचा संबंध सोडला, आणि ब्रह्मदेशात आयुष्य वेचून ब्रह्मी भाषेत पवित्र शास्त्र आणिले.

आणि खोडलेली दोन नावे? राईस हेही बाप्तिस्ट झाले आणि १८१३ साली मायदेशी परतले, ते पुन्हा परदेशी गेले नाहीत. परंतु गावोगाव हिंडून त्यांनी जडसन यांच्या कामासाठी मंडळ्या जागृत केल्या. रिचर्ड्स यांनी वाट पाहिली, वैद्यकी शिकली, आणि १८१५ साली निघून ते सिलोनातील जाफना येथे मिशनरी झाले. तेथेच १८२२ साली त्यांचा अंत झाला. गॉर्डन हॉल यांचे तर त्या कागदावर नावच नव्हते. आणि त्यांनीच मराठी लोकांत तेरा वर्षे काम केले.

म्हणून ज्याचा अर्ज यंदा नाकारला गेला त्याने खचून जाऊ नये. मनुष्यांच्या सभेने नाव खोडले म्हणजे देवाने खोडले असे होत नाही. आणि सभेने नाव मांडले म्हणजे शेवटपर्यंत तेथेच राहणे होईल असेही नाही. दाविदाच्या मनात मंदिर बांधावे असे होते. ते त्याच्या हातून झाले नाही. तरी असे मनात आणिलेस हे बरे केलेस, असे देवाने त्यास म्हटले, आणि त्याने जमविलेले लाकूड व सोने शलमोनाच्या उपयोगी पडले.

मंडळीचे कर्तव्य

रॉबर्ट वाईल्डर हे १८६३ साली आमच्याच कोल्हापुरात एका मिशनऱ्याच्या घरी जन्मले. सन १८८६ मध्ये अमेरिकेतील माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे संमेलन भरले, तेव्हा त्यांच्या खटपटीने शंभर तरुणांनी परदेशी सेवेची इच्छा दर्शविली, आणि त्यांतून विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली. परंतु ती चळवळ स्वतः कोणास पाठवीत नसे. सही करणाऱ्याने आपापल्या मंडळीच्या मिशनकडे अर्ज करावा लागे. इच्छा विद्यार्थ्याची, पण पाठविणे मंडळीचे, हा तिचा नियम अंत्युखियाच्या मंडळीसारखाच होता : तेथे उपास व प्रार्थना झाली, हात ठेविले गेले, आणि मग ते निघाले.

तर असा अर्जदार पुढे आल्यास वडीलजनांनी त्याच्याबरोबर बसावे, वरील चार प्रश्न त्यास प्रेमाने विचारावे, आणि जे दिसते ते स्पष्ट सांगावे. अयोग्य मनुष्यास भिडेखातर चांगले पत्र देणे म्हणजे परक्या देशातील गरिबांवर अन्याय करणे होय. योग्य मनुष्यास मात्र केवळ पत्र देऊन थांबू नये. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूस काढण्याची आमच्या बायांची जुनी चाल आहे. त्या मुठीतून पासपोर्टाची फी व दवाखान्याच्या तपासणीचा खर्च निघू शकेल. तो गेल्यावर त्याच्या म्हाताऱ्या आईच्या शेतात पेरणीला दोन माणसे जावी. दर महिन्यास त्यास एक पत्र जावे, आणि त्यात गावच्या पावसाची व लग्नांचीही बातमी असावी. आणि तो परतला, यशस्वी होऊन अथवा आजारी होऊन, तर दोन्ही वेळां त्यास सारख्याच आदराने घरात घ्यावे. अंत्युखियाच्या मंडळीने पाठविलेही, आणि परत आल्यावर एकत्र जमून त्यांचे सर्व ऐकूनही घेतले.

आमच्यामध्ये कोणी असा अर्जदार आज असेल, तर प्रभू त्यास परीक्षेस न भिणारे मन देवो. आणि त्याचा कागद ज्यांच्या हाती येईल त्या आम्हां सर्वांस तो न्यायाने व प्रीतीने वाचण्याची बुद्धी देवो.

बुधवारच्या प्रार्थनासभेत विचारावयाचे प्रश्न

१. कचेरीतील अर्ज व सेवेचा अर्ज यांत भेद कोणता?

२. तीमथ्याविषयी दोन गावांनी साक्ष दिली. आमच्याविषयी आमचे शेजारी, ख्रिस्ती नसलेलेही, काय म्हणतील?

३. ब्रॅडफर्डच्या अर्जातील चार प्रश्नांपैकी कोणता प्रश्न आम्हांस सर्वांत कठीण वाटतो, आणि का?

४. राईस व रिचर्ड्स यांची नावे खोडली गेली. त्यांच्या पुढील आयुष्यावरून नकार मिळालेल्याने काय शिकावे?

५. आमच्या मंडळीतून कोणी जाण्यास निघाल्यास त्याच्या घराची काळजी कोण घेईल? नावे घेऊन ठरवा.